‘कुटुंबवत्सल, संगीतप्रेमी’ यांच्या जागी शब्द हवा आहे

प्रश्नकर्ती

बाबांना जाऊन सहा आठवडे झाले. आम्ही भावंडं त्यांच्या आठवणींची छोटी पुस्तिका छापतो आहोत, घरच्यांसाठी आणि त्यांच्या गाण्यातल्या मित्रांसाठी. पहिल्या पानावर फोटो आणि त्याखाली दोन ओळी. त्या ओळी लिहायचं काम माझ्याकडे आलं आणि मी तिथेच अडले आहे.

पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं, ‘कुटुंबवत्सल, संगीतप्रेमी आणि मनमिळाऊ’. धाकट्या भावाने वाचून कागद परत दिला. ‘यात बाबा कुठे आहेत?’ एवढंच म्हणाला. खरं आहे त्याचं. हीच तीन विशेषणं याच क्रमाने मी कितीतरी अनोळखी फोटोंखाली वाचली आहेत.

बाबांविषयी थोडं सांगते, म्हणजे शब्द शोधायला सोपं जाईल. नोकरीत ते हिशेब सांभाळायचे आणि घरी तबला वाजवायचे. पैशासाठी कधीच नाही. ओळखीतलं कोणी गायला बसणार असलं की साथीला जायचे. घरी रोज संध्याकाळी तासभर वाजवणं, नाहीतर ऐकणं. त्या तासात त्यांच्याशी बोलायला मनाई नव्हती, फक्त समेपर्यंत, म्हणजे तालाचा फेरा पूर्ण होऊन पुन्हा पहिल्या मात्रेवर येईपर्यंत, थांबायचं. विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल चालू असला तर असा एक फेरा, एक आवर्तन, मिनिटभरसुद्धा चालतं आणि लहान मुलाला मिनिट फार मोठं वाटतं. पण सम आली की ते मान वळवून ‘हं, बोल’ म्हणायचे आणि मग त्यांचं सगळं लक्ष आपलं. आम्हाला ताल कोणी शिकवला नाही. पण सम कुठे येणार ते आम्हाला शाळेत जायच्या आधीपासून कळतं.

तर विचारायचं आहे ते असं. ‘कुटुंबवत्सल’ म्हणजे नेमकं काय आणि तो शब्द पुरुषांनाच का लावतात? गाण्यात बुडालेल्या पण स्वतः कलावंत न म्हणवणाऱ्या माणसाला काय म्हणावं? आणि या दोन्ही गोष्टी एकत्र धरणारा एखादा शब्द मराठीत आहे का?

प्रतिसाद

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. ‘वत्स’ म्हणजे वासरू, त्यावरून लेकरू. वासराकडे ओढ घेणाऱ्या गायीची जी अवस्था, ती ‘वत्सल’. म्हणजे शब्दाच्या मुळाशी आई आहे. बाईला आपण नुसतं ‘वत्सल’ म्हणतो, कारण तिच्यात ते असणारच असं भाषेने गृहीत धरलं आहे. पुरुषाच्या बाबतीत मात्र ‘कुटुंब’ जोडून सांगावं लागतं. हा काही गौरव नाही, उलट पुरुषाकडून भाषेची अपेक्षाच कमी होती असं मला वाटतं.

आणखी एक. जुन्या बोलण्यात ‘कुटुंब’ म्हणजे बायको. ‘आमचं कुटुंब माहेरी गेलंय’ असं सरळ म्हणत. आता तो अर्थ मागे पडला, पण तो मनात ठेवून ‘कुटुंबवत्सल’ वाचला तर शब्दाला निराळा रंग येतो. तुमच्या आईबाबांचं कसं होतं त्यावर तो शोभेल की नाही ते ठरेल.

प्रतिसाद

‘गृहस्थ’ सुचवणार होते, पण तो शब्द आपण घालवला आहे. घरात स्थिर असलेला तो गृहस्थ, चार आश्रमांतला दुसरा, बाकीचे तीन ज्याच्या आधारावर चालतात तो. इतका वजनदार शब्द, आणि आज ‘एक गृहस्थ भेटायला आले होते’ यात तो कोणत्याही अनोळखी पुरुषाला लागतो, त्याला घर असो वा नसो.

‘संसारी’चं पाहा. ‘संसार’ सम् आणि सृ मिळून झाला: एकत्र सरणं, वाहत राहणं. त्यातून जन्ममृत्यूचा फेरा हा अर्थ. हिंदीत संसार म्हणजे जग. मराठीत आणि बंगालीत मात्र तो घरात आला, भांडीकुंडी, पोरंबाळं, आजारपणं यांच्यात. जग या अर्थाचा शब्द घराला वापरावा हे मला नेहमीच सुंदर वाटत आलं आहे. पण पुरुषाला ‘संसारी माणूस’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात येतं, बिचारा अडकलेला. ‘प्रापंचिक’चंही तेच. प्रपंचाला ‘नेटका’ हे विशेषण रामदासांनी दिलं, ते अजून टिकून आहे. ‘नेटका संसार करणारा’ असं म्हणता येईल, पण ते वर्णन झालं, तुम्हाला हवा तो शब्द नाही.

प्रतिसाद

आता गाण्याकडचे शब्द. ‘संगीतप्रेमी’ हा अर्ज भरताना लिहायचा शब्द आहे, आवड या रकान्यातला. तो सोडाच.

‘रसिक’ चांगला आहे, पण निवेदकांनी तो इतका वापरला की प्रत्येक तिकीट काढणारा रसिक झाला. ‘शौकीन’मध्ये अत्तराचा वास येतो, खर्चीकपणा येतो. ‘दर्दी’ मला फार आवडतो. दर्द म्हणजे वेदना. गाणं ऐकून ज्याला आत कुठेतरी दुखतं तो दर्दी, जाणकारीचा हा अर्थ मराठीने त्यात भरला. गुजरातीत याच शब्दाचा अर्थ रुग्ण असा होतो. एकाच फारसी शब्दातून शेजारच्या दोन भाषांनी दोन माणसं घडवली, एक दवाखान्यात बसलेला आणि एक मैफलीत.

‘कानसेन’ हा तानसेनावरून बेतलेला. ऐकणाऱ्याचा मान ठेवणारा असा शब्द आपल्याकडे दुसरा नाही. पण ताई, तुमचे बाबा वाजवत होते. नुसत्या ऐकणाऱ्याचा शब्द त्यांना अपुरा पडेल.

राहिला ‘नाद’. संस्कृतात नाद म्हणजे आवाज. ज्या नद् धातूपासून तो आला त्याच धातूपासून ‘नदी’, खळाळणारी म्हणून. मराठीने त्या आवाजाला ओढीचा अर्थ दिला: नाद लागणे, नादी लागणे, नादिष्ट. ‘त्यांना गाण्याचा नाद होता’ या साध्या वाक्यात ध्वनी आणि ध्यास दोन्ही आहेत. मी असतो तर हाच शब्द घेतला असता.

प्रतिसाद

‘नाद’ला माझा विरोध आहे आणि तो शब्दकोशातून आलेला नाही.

माझ्या आजोबांना पेटीचा नाद होता. मैफल कुठेही असो, चार चार दिवस घरी येत नसत. आजीने तीन मुलं एकटीने वाढवली. आमच्या घरात ‘नाद’ हा शब्द ती दात आवळून म्हणायची. लोक त्यांना मोठे दर्दी म्हणत आणि ते होतेच. मराठीत नाद लागतो, जडतो, सुटत नाही. दारूला जी क्रियापदं, तीच नादालाही. ही क्रियापदं उगीच जमलेली नाहीत, कितीतरी घरांतल्या बायकांनी ती जमवली आहेत.

तुमच्या बाबांच्या संध्याकाळी जर खरंच तुम्ही लिहिता तशा असतील, तर कृपा करून त्यांना नादी म्हणू नका.

प्रश्नकर्ती

तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. आजींना माझा नमस्कार सांगावा असं वाटलं.

माझं कोडं बहुतेक इथेच आहे. मराठीत गाण्याकडचे शब्द माणसाला घराबाहेर नेतात आणि घराकडचे शब्द त्याला गाण्यातून उठवतात. बाबांना या दोन गोष्टी कधी वेगळ्या वाटल्याच नाहीत. मी सात वर्षांची असताना एका बैठकीला ते साथीला बसले होते. मध्यंतरात निरोप आला की मला ताप चढला आहे. त्यांनी तिथल्या दुसऱ्या वादकाला बसवलं, त्याच्यासाठी तबला हातोडीने पुन्हा सुरात लावून दिला आणि मग घरी आले. हे आईने सांगितलेलं. मला आठवतं ते एवढंच, की माझ्या पाठीवर कोणीतरी बोटांनी अगदी हळू ठेका धरला होता आणि त्यात मला झोप लागली.

प्रतिसाद

घर आणि ऐकणं एकत्र असलेला एक शब्द मला माहीत आहे, वापरता येणार नाही तरी सांगतो. ‘श्रावक’. जैन परंपरेत साधू-साध्वी नसलेला, घरसंसार करणारा माणूस म्हणजे श्रावक, स्त्री असेल तर श्राविका. ‘श्रु’ म्हणजे ऐकणे, म्हणून श्रावक म्हणजे ऐकणारा. जो घरात राहतो त्याची ओळख तो काय कमावतो यावरून ठरवलेली नाही, तो ऐकतो यावरून ठरवली आहे.

अर्थात तिथे ऐकायचा तो धर्मोपदेश. पुस्तिकेत घातलात तर वाचणाऱ्याचा वेगळा समज होईल. पण ‘श्रु’चं कुळ मोठं आहे: श्रोता, बहुश्रुत, आणि सप्तकात ज्या २२ मानतात त्या श्रुती. ‘बहुश्रुत’ आपण विद्वानाला लावतो. मुळात त्याचा अर्थ पुष्कळ ऐकलेला एवढाच.

प्रतिसाद

‘घरंदाज’ कसा वाटतो? घरंदाज माणूस म्हणतो, तसंच घरंदाज गायकीही म्हणतो. ‘घराणं’ही तसाच, कुळाचंही आणि गाण्याचंही. ग्वाल्हेर, आग्रा, किराणा ही नावं गावांची, पण त्यांना जोडलेला शब्द घरातला. विद्या आधी घरात बापाकडून लेकाकडे जायची, म्हणून तो शब्द चिकटला.

आणि एक गंमत लक्षात आली. संसार, संगीत, संगत या तिन्हींत ‘सम्’ आहे. एकत्र सरणं, एकत्र गाणं, एकत्र जाणं. शिवाय तुमच्या बाबांची ‘सम’ आहेच!

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादात एक दुरुस्ती. संसार, संगीत, संगत यांतला ‘सम्’ हा उपसर्ग आहे, एकत्र किंवा नीट या अर्थाचा. तालातली ‘सम’ ही ‘सम’ या विशेषणाची, समान, सारखा, सपाट यातली. दिसायला सारखे असले तरी हे दोन शब्द वेगळे ठेवायला हवेत. संगीताचं म्हणाल तर तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांकडे असलेल्या शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’त गीत, वाद्य आणि नृत्य या तिन्हींना मिळून संगीत म्हटलं आहे. म्हणजे एकट्या गाण्याला तो शब्द नव्हताच, सोबतीला कोणी हवंच.

‘घरंदाज’ला माझी हरकत आहे. त्यात कुळाचा अभिमान फार आहे. माणसाच्या प्रेमळपणाविषयी तो काहीच सांगत नाही.

प्रश्नकर्ती

संगत, सोबत हे वाचताना मला कॅसेटी आठवल्या, म्हणून काल माळ्यावरची पेटी उतरवली.

बाबा मैफली ध्वनिमुद्रित करून ठेवायचे. ९० मिनिटांच्या कॅसेटी, प्रत्येक बाजूला ४५ मिनिटं, आणि कागदावर त्यांचं बारीक सरळ अक्षर: राग, ताल, तारीख, साथीला कोण. त्यांतल्या एकीवर लिहिलं आहे, ‘मारवा, विलंबित एकताल, अपूर्ण. पुढे बेबीचे पाढे.’ बेबी म्हणजे मी.

लावून पाहिली. मारवा चालू आहे, गायिका वरच्या षड्जाकडे निघाली आहे आणि एकदम खट्‌ असा आवाज येतो. मग माझा आवाज. सात एके सात. सात दाही सत्तरपर्यंत न अडखळता. मागे बाबा हळूच टिचक्या वाजवताहेत, कारण सातच्या पाढ्यात माझी लय पळत होती. पाढा संपल्यावर ते म्हणतात, ‘शाबास, आता आठचा.’ आठचा अर्धा होतो आणि फीत संपते.

आईला विचारलं. ती म्हणाली, त्या दिवशी घरात कोरी कॅसेट नव्हती. तू पहिल्यांदा न चुकता म्हणालीस आणि त्यांना ते ठेवायचं होतं. ‘मग मारवा पुसला?’ मी विचारलं. ‘पुसला कुठे,’ आई म्हणाली, ‘पुढे तू आलीस.’

या माणसाला संगीतप्रेमी म्हणायचं की कुटुंबवत्सल, हे मला आता आणखीच कळेनासं झालं आहे.

प्रतिसाद

मी तबला वाजवतो, ३० वर्षं साथीलाच बसत आलो आहे. आतापर्यंत सगळ्यांनी तुमच्या बाबांना विशेषण शोधलं. मला वाटतं तुम्हाला क्रियापद हवं आहे.

‘साथ देणे’ आणि ‘साथ करणे’ यांत मराठीने फरक केला आहे. साथ देतात ती संकटात, आयुष्यात, आंदोलनात. देणारा खंबीर असतो, उभा राहतो. साथ करतात ती गाण्याला. कार्यक्रमपत्रिकेत आता ‘तबलासाथ देतील’ असं सर्रास छापतात, पण जुनी मंडळी ‘त्यांनी मला साथ केली’ असंच म्हणत आणि मला तेच बरोबर वाटतं.

साथ करणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला चटकन दिसत नाही. हातात असतं त्यातलं बरंचसं वाजवायचं नसतं. गाणारा आलाप करत असताना ठेका असा धरायचा की त्याला काळ कळावा पण बोचू नये. तो मात्रा सोडून भटकला तर आपण जागेवर राहायचं, म्हणजे त्याला परत यायला घर असतं. त्याने मुखडा, म्हणजे समेकडे नेणारा बंदिशीचा सुरुवातीचा तुकडा, उचलला की समेवर त्याला एकटं पडू द्यायचं नाही. त्याने रिकामी जागा ठेवली तर ती त्याची असते, आपण भरायची नसते. भरावी असं हाताला सारखं वाटतं. न भरण्यालाच वर्षं लागतात.

अहमदजान थिरकवांसारखे, स्वतंत्र वादनाने सभा जिंकणारे उस्ताद गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या पदांना साथ करत. आमच्या पिढीला हे उदाहरण नेहमी सांगितलं जायचं, आणि त्यात कमीपणाचा सूर कधीच नसे.

तापलेल्या मुलीच्या पाठीवर धरलेला ठेका आणि सातच्या पाढ्याला दिलेल्या टिचक्या, ही दोन्ही ठिकाणी साथ आहे. पाढा तुम्ही म्हणत होता, त्यांनी फक्त लय सांभाळली. मुलाच्या पुढे पुढे म्हणणारे बाप मी पुष्कळ पाहिले आहेत.

प्रतिसाद

‘साथ’च्या व्युत्पत्तीची भर घालतो. संस्कृत ‘सार्थ’, प्राकृतात ‘सत्थ’, त्यातून ‘साथ’. सार्थ म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा, माल घेऊन लांबच्या वाटेने एकत्र जाणारा. त्याचा प्रमुख तो सार्थवाह. एकट्याने वाट धोक्याची, म्हणून सगळ्यांनी एका चालीने जायचं. जो भरभर चालू शकतो त्यानेही.

रोगाच्या ‘साथी’मुळे हा शब्द अलीकडे काळवंडला होता. वरचा प्रतिसाद वाचून तो पुन्हा उजळला.

प्रतिसाद

‘साथ केली’ सुंदरच आहे, पण एक व्यवहारातली शंका. पुस्तिका सगळेच वाचणार. ‘पत्नीला साथ केली’ असं वाचलं की दहातले आठ जण छपाईची चूक समजतील. ‘साथ दिली’ ठेवलंत तर काय बिघडतं?

प्रश्नकर्ती

बिघडतं, असं मला आता वाटतं. शेवटची चार वर्षं आईला चालता येत नव्हतं. बाबा रोज तिला धरून खोलीतून अंगणापर्यंत न्यायचे. ते मला ‘साथ देणं’च वाटायचं, तोपर्यंत एकदा मी मागून चालत होते. आई थांबली की ते थांबायचे, पण ओढल्यासारखे नाही, आधीच कळल्यासारखे. तिने पाऊल उचललं की त्याच क्षणी त्यांचं पाऊल. ती म्हणायची, ‘हे मला चालवत नाहीत, मीच चालते.’ तेव्हा मला वाटायचं, तिच्या मनाला बरं वाटावं म्हणून ती तसं म्हणते. तबलेवाल्या काकांचं वाचल्यावर कळलं, ती अगदी खरं तेच सांगत होती.

आईला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. ‘कुटुंब म्हणजे बायको’ यावर ती खूप हसली. ‘श्रावक’ तिला आवडला. ‘नाद’विषयी लिहिलं आहे ते तिने दोनदा वाचायला लावलं. मग विचारलं, तुला यातलं कोणतं पटतं? ती म्हणाली, ‘आमचं लग्न ठरलं तेव्हा माझ्या वडिलांना कोणीतरी सांगितलं होतं, मुलाला तबल्याचा नाद आहे, विचार करा. त्यांनी विचार केला आणि मला विचारलं. मी म्हटलं, वाजवणारा आहे म्हणजे दुसऱ्याचं ऐकत असेल.’

मनमिळाऊ, कुटुंबवत्सल, संगीतप्रेमी हे तिन्ही काढले. फोटोखाली आता बाबांचं नाव आहे आणि एकच ओळ: ‘अनेक गायकांना तबल्यावर आणि आईला ५१ वर्षं साथ केली.’ भावाने वाचली आणि कागद परत दिला नाही, खिशात ठेवला.

आज सकाळी छापखान्यातून फोन आला. मुद्रितं तपासणारे गृहस्थ फार अदबीने म्हणाले, ‘पहिल्या पानावर एक चूक दिसते आहे ताई, ‘साथ दिली’ करून घेऊ का?’

नको म्हटलं. केलीच राहू द्या.